संश्लेषण वायूपासून इथेनॉल : एकाच उत्प्रेरकाचा हट्ट कशासाठी?

धागालेखक : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण म्हणजे संश्लेषण वायू. त्यापासून मिथेनॉल बनवण्याचा प्रश्न आयसीआय कंपनीने १९६६ साली तांबे, जस्त ऑक्साइड व अॅल्युमिना यांच्या उत्प्रेरकाने मार्गी लावला; ५० ते १०० बार दाब आणि सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमानाला त्याची निवडकता, म्हणजे क्रिया झालेल्या वायूपैकी हवा तोच पदार्थ बनण्याचे प्रमाण, आज ९९ टक्क्यांच्या वर जाते. इथेनॉलही असेच एका टप्प्यात मिळावे यासाठी दशकानुदशके संशोधन चालले आहे. हा हट्ट आता सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण मुळातच आहे. दोन कार्बन जोडायचे तर एका कार्बन मोनॉक्साइडचा बंध तुटून पृष्ठभागावर कार्बन-हायड्रोजन गट तयार व्हावा लागतो आणि शेजारचा दुसरा रेणू न तुटता त्या गटाला जोडला जावा लागतो. तुटणे वाढले की मिथेन हाती येतो, घटले की मिथेनॉल. ऱ्होडियम ही दोन्ही कामे करते, परंतु ते अतिशय महाग आहे आणि मिथेनपासून तेही सुटलेले नाही. त्यापेक्षा मिथेनॉलचे डायमिथाइल ईथर, मॉर्डेनाइट या झिओलाइटवर (सूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकी पदार्थावर) त्याचे मिथाइल अॅसिटेट आणि तांब्यावर हायड्रोजन देऊन इथेनॉल, हा मार्ग सरळ आहे. चीनमध्ये वर्षाला १ लाख टन क्षमतेचा असा प्रकल्प २०१७ सालीच सुरू झाला.

प्रतिसाद १ : असहमत. मॉर्डेनाइटमध्ये खरी क्रिया आठ-सदस्यीय वलयांच्या, म्हणजे सर्वांत अरुंद तोंडाच्या, चिंचोळ्या कप्प्यांतच होते. तेथे पाण्याचा अंश पोहोचला तरी ती मंदावते आणि शेजारच्या रुंद नळ्यांत कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचत जातो. म्हणून वायू कोरडा हवा, आणि तांब्यासाठी गंधकमुक्तही हवा. जैवभारापासून मिळणाऱ्या गंधकयुक्त वायूवर चालणाऱ्या लहान संयंत्राला इतके टप्पे पेलणार कसे? पोटॅशियमयुक्त मॉलिब्डेनम सल्फाइड गंधकाला दाद देत नाही, उलट सल्फाइड रूपात टिकण्यासाठी त्याला थोडे गंधक लागतेच. त्यातून निघणारे मिश्र अल्कोहोल इंधनात मिसळायचे असेल, तर शुद्ध इथेनॉलचा आग्रह कशाला?

प्रतिसाद २ : तांबे-कोबाल्टचा विचार दोघांनीही केलेला नाही. कोबाल्ट बंध तोडते, तांबे रेणू अखंड ठेवते, म्हणून दोन्ही अणू अगदी लगत हवेत; पण हे धातू एकमेकांत फारसे मिसळत नाहीत आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात कोबाल्ट पृष्ठभागाकडे खेचले जाते. ही लगत टिकवता आली, तर धागालेखकांचा मूळ आक्षेपच उरत नाही.

धागालेखक : गंधकाचा मुद्दा मला मान्य आहे, तशा वायूसाठी सल्फाइडच योग्य. तांबे-कोबाल्टबाबत मात्र केवळ निवडकतेचे आकडे पुरेसे नाहीत. रूपांतरण, म्हणजे एका फेरीत क्रिया होणाऱ्या वायूचे प्रमाण, अगदी कमी ठेवून मिळवलेली निवडकता रूपांतरण वाढवताच अनेकदा घसरते, आणि न वापरला गेलेला वायू पुन्हा दाबून फिरवण्याचा खर्च उरतोच. दर तासाला, दर किलो उत्प्रेरकामागे किती अल्कोहोल मिळते आणि हजार तासांनंतर त्यातले किती टिकते, हे आकडे समोर ठेवूनच एकटप्पी मार्गाची बाजू मांडावी.