पीएलसीला दोन पॉवर सप्लाय असूनही पॅनल बंद पडलंय? अनुभव लिहा

जूनचा पहिला मोठा पाऊस यायच्या आत हा धागा काढतोय. वेर्ण्याला आमच्या औषध कारखान्यात युटिलिटीच्या पीएलसीला (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) 24 व्होल्टचे दोन एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, पुढे डायोड मॉड्यूल (करंट एकाच दिशेने जाऊ देणारं), सगळं व्यवस्थित. एका रात्री गडगडाट झाला, लाईट झपकन जाऊन आली आणि पीएलसी बंद. पॅनल उघडून बघतो तर दोन्हींची इनपुट एकाच एमसीबीवरून (छोट्या सर्किट ब्रेकरवरून), तोच ट्रिप झालेला! एएचयू (खोल्यांना हवा पुरवणारी युनिट्स) थांबले, खोल्यांचं प्रेशर गेलं, बॅच होल्डवर. आता एक यूपीएसवरून आहे, दुसरा वेगळ्या फीडरवरून. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, चुकलेलं तर नक्की लिहा.

कुंडई
आमच्या पॅनलवाल्याने डायोड मॉड्यूलच गाळलेलं, दोन्हींचे प्लस-मायनस सरळ टर्मिनलवर एकत्र. वर्षभर चाललं, मग एकाचा आउटपुट कॅपॅसिटर आतून शॉर्ट झाला आणि चांगला होता तोही खाली बसला, कारण त्याचा सगळा करंट त्या शॉर्टमध्येच जायला लागला. डायोड असता तर तो उलटा करंट तिथेच अडला असता. फक्त साध्या डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, त्यामुळे 24 ठेवले तर पुढे साडेतेवीसच्या आसपास मिळतात आणि लांबच्या सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॉइलला) ते कमी पडतात. आम्ही दोन्ही थोडे वर आणि अगदी सारखे सेट केले. एक जरी वर राहिला की लोड तोच ओढतो, तापतोही तोच.

पिसुर्ले
आमची गोष्ट चवथीची. दुसऱ्या दिवशी कामावर आम्ही दोघंच, आणि प्लँट बंद. तपासलं तर एक सप्लाय कधीचा मेलेला होता, दुसऱ्याने इतके दिवस एकट्याने ओढलं आणि त्या दिवशी तोही गेला. दोन्हींवर डीसी ओकेचा (आउटपुट ठीक आहे हे सांगणारा) रिले कॉन्टॅक्ट होता पण त्याला वायरच लावलेली नव्हती! दोन डिजिटल इनपुट आणि स्क्रीनवर एक अलार्म, एवढंच काम होतं हो. घरी गणपती आणि मी दुकानं उघडायची वाट बघत बसलेलो, तो दिवस विसरणार नाही.

कुंकळ्ळी
लोड 13 अँपिअर आणि 10-10 चे दोन सप्लाय. एक गेला की दुसरा ओव्हरलोड होऊन बसणार. याला रिडंडन्सी म्हणू नका, एकट्याला पूर्ण लोड पेलायला हवा.

वास्को
पिसुर्लेवाल्या दादांचं वाचून वाईट वाटलं. आमचं पंपिंगचं पॅनल खाडीला लागून, खारा वारा, टर्मिनलवर हिरवं चढतं आणि उन्हाळ्यात पॅनल आतून भट्टी. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, त्यामुळे एकाच दिवशी लावलेले दोन्ही सप्लाय जवळजवळ एकदमच म्हातारे होतात. म्हणून आम्ही एक मुद्दाम आधी बदलला, दोघांच्या वयात अंतर पडलं. आणि दर शटडाऊनला एकेकाचा एमसीबी पाडून दुसऱ्यावर पूर्ण लोड घेऊन बघतो. गेल्या खेपेला जुना सप्लाय रिकामा असताना मीटरवर 24 दाखवत होता, लोड आल्या आल्या 19 वर बसला. त्याच दिवशी काढून टाकला.