मदत हवी आहे : वडिलांच्या फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅप्स कशी काढावीत?

नमस्कार,

माझे वडील शेतकरी आहेत आणि गावी राहतात. त्यांच्याकडे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज असलेला, कमी किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीच्या अनेक फोनांत थोड्याफार फरकाने हाच प्रकार आढळतो आणि चर्चा एका कंपनीपुरती राहू नये असे मला वाटते.

फोन खोक्यातून काढून सुरू केला तेव्हापासूनच त्यात अनेक गेम, छोटे व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप्स, खरेदीची अ‍ॅप्स, बातम्यांचे अ‍ॅप, कर्ज देऊ करणारे एक अ‍ॅप, कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, स्वतःचे अ‍ॅप स्टोअर आणि फोन ‘स्वच्छ’ करून देणारे एक अ‍ॅप होते. यांपैकी गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स मी नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केली, आणि त्यात काही अडचण आली नाही. दुसऱ्या गटातील अ‍ॅप्सना अनइन्स्टॉलचे बटणच नाही, फक्त ‘डिसेबल’ असे आहे. तिसऱ्या गटात मात्र ‘डिसेबल’ हे बटणही करडे झालेले असून ते दाबले जात नाही. कंपनीचे अ‍ॅप स्टोअर, ब्राउझर आणि लॉकस्क्रीनवर चित्रे व बातम्या आणून दाखवणारी सेवा ही या तिसऱ्या गटातील आहेत. त्यावर कहर म्हणजे फोनचे अपडेट झाल्यानंतर मी काढलेल्या गेमच्या जागी तसेच नवे गेम कोणीही न मागता येऊन बसले.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता तर मी इतके लिहिले नसते. वडील फोनचा उपयोग मोजक्या कामांसाठी करतात : फोन व व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआयने पैसे देणे-घेणे, हंगामात शेतात उभे राहून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद करणे, हवामानासाठी ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ‘दामिनी’ आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेची सूचना देते, आणि ती सूचना शेतात असलेल्या माणसाला वेळेवर दिसणे हेच तिचे सगळे मोल आहे. परंतु दिवसभर सवलती, व्हिडिओ आणि ‘फोन गरम झाला आहे, आता स्वच्छ करा’ अशा नोटिफिकेशनचा इतका मारा होतो की वडील आता आलेले सगळेच न वाचता बाजूला सारतात. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या जागी कोणीही असते तरी हेच केले असते. कर्जाच्या अ‍ॅपची सूचना तर अशा भाषेत येते की ती आपल्या बँकेकडूनच आली असावी असे त्यांना वाटते, आणि एकदोनदा त्यांनी मला फोन करून ‘आपण अर्ज केला होता का?’ असे विचारले आहे.

दुसरी अडचण जागेची. ई-पीक पाहणीचे अ‍ॅप अपडेट करायचे म्हटले की ‘स्टोरेज अपुरे आहे’ असा संदेश येतो आणि मग वडील नातवंडांचे फोटो पुसत बसतात.

जाणकारांना माझी विनंती अशी की, फोन रूट न करता (म्हणजे कंपनीने घातलेले कुलूप तोडून सिस्टिमवर पूर्ण ताबा न मिळवता) आणि वॉरंटीला धक्का न लावता तिसऱ्या गटातील अ‍ॅप्स बंद करण्याचा एखादा खात्रीचा मार्ग असल्यास सांगावा. ती काढल्याने जागा खरोखर किती मोकळी होते, कोणत्या अ‍ॅप्सना अजिबात हात लावू नये, आणि असे काही केल्यावर यूपीआय व बँकेची अ‍ॅप्स चालू राहतात का, हेही समजून घ्यायचे आहे. शिवाय, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतून नको असलेला भाग काढण्याचा अधिकार ग्राहकाला कायद्याने आहे की नाही, याविषयी कोणी अधिकाराने सांगू शकल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

आपण केलेले तीन गट बरोबर आहेत, आणि त्यांमागे अँड्रॉइडची रचना आहे. पहिल्या गटातील अ‍ॅप्स वापरकर्त्याच्या जागेत ठेवलेली असतात, म्हणून ती सहज निघतात. उरलेली दोन्ही गटांतील अ‍ॅप्स सिस्टिमच्या विभागात असतात, आणि तो विभाग केवळ वाचनासाठी खुला असतो. त्यातून काही पुसायचे तर फोन रूट करावा लागतो, आणि वडिलांच्या यूपीआयच्या फोनवर तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. डिसेबलचे बटण द्यायचे की करडे करायचे, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते.

याच रचनेमुळे जागेविषयी आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. सिस्टिमच्या विभागातील अ‍ॅप डिसेबल केले किंवा संगणकावरून काढले तरी त्याची मूळ प्रत तिथेच राहते आणि ती जागा आपल्याला मिळत नाही. मिळते ती फक्त त्या अ‍ॅपच्या अपडेटने आणि साठवलेल्या डेटाने व्यापलेली जागा. म्हणून प्रत्येक अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन आधी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करावे, डेटा पुसावा आणि मग डिसेबल करावे. ६४ जीबीच्या फोनमध्ये खरी जागा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपने घेतलेली असते. त्याच्या सेटिंगमधील ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये गेल्यास गावातील ग्रुपवर आलेले मोठे व्हिडिओ एकत्र दिसतात आणि तिथूनच पुसता येतात. नातवंडांच्या फोटोंना हात लावण्याची वेळ येणार नाही.

आता करड्या बटणाविषयी. फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यात यूएसबी डीबगिंग, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची सोय, चालू करावी, गूगलच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ संगणकावर उतरवून घ्यावीत आणि डेटा केबलने फोन जोडावा. त्या टूल्समधील ‘एडीबी’ या साधनाच्या आज्ञेने बहुतेक कोणतेही पॅकेज (फोनमधील अ‍ॅप) ‘युजर शून्य’साठी, म्हणजे फोनच्या मुख्य वापरकर्त्यापुरते, काढता येते किंवा निष्क्रिय करता येते. आज्ञा टंकायच्या नसतील तर ‘युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर’ हे मुक्त स्रोत साधन तेच काम यादी दाखवून करते, आणि कोणते पॅकेज काढणे सुरक्षित आहे याविषयीचा शेराही त्यात दिलेला असतो. संगणक नसेल तर अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनांवर वायफायच्या आधारे ‘शिझुकू’ आणि ‘कांता’ ही अ‍ॅप्स वापरून फोनवरूनच हे करता येते. हे बदल उलटवता येतात : मूळ प्रत फोनमध्येच असल्याने आज्ञा देऊन अ‍ॅप परत बसवता येते, आणि फॅक्टरी रीसेट केल्यास सगळे आपोआप परत येते.

मी आपल्या जागी असतो तर पुसण्याऐवजी प्रथम निष्क्रियच केले असते, आणि त्यातही क्रम महत्त्वाचा मानला असता. नवे गेम आपोआप येतात ते हवेतून येत नाहीत. कंपनीचे अ‍ॅप स्टोअर किंवा मेनूमध्ये चिन्ह नसलेली एखादी छोटी सेवा ते आणत असते. आधी ती बंद केली नाही तर बाकीची सफाई पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यानंतर लॉकस्क्रीनची सेवा, कंपनीच्या जाहिरातींची सेवा आणि ब्राउझर यांच्याकडे वळावे. ब्राउझर बंद करण्याआधी क्रोम डिफॉल्ट आहे याची खात्री करावी.

प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू, पॅकेज इन्स्टॉलर, सिस्टिम यूआय, फोन, कीबोर्ड आणि संदेशांचे अ‍ॅप यांना हात लावू नये. यूपीआयमध्ये नोंदणीच्या वेळी मोबाइल क्रमांकाची खातरजमा एसएमएसने होते, हे लक्षात असू द्यावे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांचे सुरक्षेचे अ‍ॅप सिस्टिमशी इतके जोडलेले असते की ते काढल्यावर फोन सुरूच होत नाही. त्यामुळे त्याच्या फक्त नोटिफिकेशन बंद कराव्यात. काम झाल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स पूर्ण बंद करावेत, कारण ते चालू असल्यास काही बँकांची अ‍ॅप्स उघडत नाहीत.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली हे फोन पार्श्वभूमीवर चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतात. नोटिफिकेशनची गर्दी कमी झाली तरी ‘दामिनी’च झोपलेली असेल तर उपयोग नाही. तिच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे, ऑटोस्टार्टची (फोन सुरू होताच अ‍ॅप आपोआप सुरू होण्याची) परवानगी असल्यास ती द्यावी आणि लोकेशन ‘नेहमी’साठी चालू ठेवावे.

आणखी एक प्रतिसाद

कायद्याच्या प्रश्नाविषयी लिहितो. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात, गूगलने आपली आधीपासून बसवलेली अ‍ॅप्स अनइन्स्टॉल करण्यास वापरकर्त्यांना अटकाव करू नये, असाही निर्देश होता. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु चार निर्देश रद्द केले, आणि अनइन्स्टॉलचा निर्देश त्यांतीलच एक होता. शिवाय तो गूगलच्या अ‍ॅप्सपुरता होता. फोन बनवणारी कंपनी पैसे घेऊन जी इतरांची अ‍ॅप्स भरते, त्यांना तो लागूच नव्हता. युरोपीय संघात मात्र डिजिटल मार्केट्स कायद्याची बंधने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर लागू झाली, आणि अ‍ॅप काढता यावे ही त्यांपैकी एक आहे. त्यानंतर अ‍ॅपलने तेथील आयफोनवर सफारी आणि अ‍ॅप स्टोअरसुद्धा काढण्याची सोय दिली. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये.

आपल्याकडे फोनचा खरेदीदार बोलला तर फरक पडतो, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून असावे, असा निर्देश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला आणि तीव्र आक्षेपांनंतर ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. एवढाच आग्रह खासगी कंपन्यांच्या गेम आणि कर्जाच्या अ‍ॅप्सबाबत का धरला जात नाही, हे मला समजत नाही, कारण ही खासगी अ‍ॅप्स कोणाकडे काय पाठवतात हे सामान्य माणसाला तपासताच येत नाही. २०१९ मध्ये युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी २१४ उत्पादकांच्या १,७०० हून अधिक फोनांमधील ८२,००० हून अधिक आधीपासून बसवलेली अ‍ॅप्स तपासली, तेव्हा त्यांनाही या व्यवहारात पारदर्शकता आढळली नाही.

कर्जाच्या अ‍ॅपविषयी आपण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार जरूर नोंदवावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या डार्क पॅटर्न (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचना) विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत वारंवार त्रास देणारे संदेश आणि छुप्या जाहिराती या दोन्ही प्रकारांचा उल्लेख आहे. नोटिफिकेशनचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गावी जाऊन वर सांगितलेल्या क्रमानेच काम केले. आधी कंपनीचे अ‍ॅप स्टोअर आणि चिन्ह नसलेली एक सेवा निष्क्रिय केली, मग लॉकस्क्रीन आणि जाहिरातींची सेवा. सुरक्षेच्या अ‍ॅपच्या फक्त नोटिफिकेशन बंद केल्या. डेव्हलपर ऑप्शन्स बंद केल्यावर यूपीआय आणि बँकेचे अ‍ॅप पूर्वीप्रमाणे चालू आहे. जागा अपेक्षेप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपमधूनच मोकळी झाली आणि ई-पीक पाहणीचे अपडेट झाले. नोटिफिकेशनची पट्टी आता बहुतेक वेळ रिकामी असते, आणि काही वाजले की वडील फोन हातात घेऊन वाचतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कर्जाच्या अ‍ॅपची तक्रार १९१५ वर नोंदवली असून त्याचे पुढे काय होते ते इथेच कळवीन.

एक शंका उरली आहे. ‘दामिनी’ला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केले, लोकेशनही ‘नेहमी’ ठेवले, परंतु या फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोस्टार्ट नावाचा पर्याय मला सापडला नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर अ‍ॅप एकदा उघडल्याशिवाय इशारे येत नाहीत, असे दिसते. वेगवेगळ्या कंपन्या हा पर्याय कोणत्या नावाने आणि कोठे ठेवतात, याची कोणाला माहिती असल्यास कृपया लिहावे. पावसाळ्यापूर्वी एवढे एक काम मार्गी लावायचे आहे.