फक्त 5 सिटिंग? बाबांच्या रेडिएशनबद्दल विचारायचं आहे

महालकर:
बाबा 76 वर्षांचे. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला सव्वादोन सेंटिमीटरची गाठ निघाली. पेट स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे काही नाही. जुना सीओपीडी (धाप लागणारा फुफ्फुसाचा आजार), म्हणून सर्जन म्हणाले ऑपरेशन झेपणार नाही. आता एसबीआरटी नावाचं रेडिएशन सांगितलंय, तेही फक्त 5 सिटिंग. आमच्या वाड्यातल्या काकांना गळ्यासाठी 33 दिली होती. वय बघून उरकतायत का? बाबाही हेच विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

धरमपेठची लेक:
दादा, उरकत नाहीयेत. आईच्या वेळी मलाही हीच शंका आली होती. नेहमीच्या लाइटमध्ये, म्हणजे रेडिएशनमध्ये, एका वेळी साधारण 2 ग्रे (किरणांच्या डोसचं माप) देतात. आईला 5 वेळा 10-10 ग्रे दिले. एवढा मारा एकदम बसला की गाठीवरचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त असतो. पण तो गाठीवरच पडायला हवा, म्हणून खरा वेळ तयारीत जातो. आईला एका निळ्या पिशवीवर निजवलं आणि आतली हवा ओढली, तशी पिशवी तिच्या पाठीच्या आकारात कडक झाली. श्वासाबरोबर गाठ किती वरखाली होते ते फोरडी सीटीत पाहिलं. छातीवर शाईच्या खुणा केल्या. त्यात नागपूरचा मे! घामाने खुणा पुसतील या धास्तीने ती दिवसभर कूलरसमोरून उठायची नाही.

डॉक्टरांना एक नक्की विचारा, गाठ मुख्य श्वासनलिकेपासून किती लांब आहे? जवळ असेल तर डोस विभागून 8 सिटिंगपर्यंतही देतात.

आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. 3 महिन्यांनी सीटीत गाठीच्या जागी मोठा पांढरा पट्टा दिसला. रामदासपेठेत गाडीत बसून रडले मी. तो किरणांमुळे आलेला व्रण निघाला. रिपोर्ट घरी वाचत बसू नका, ज्यांनी लाइट दिली त्यांनाच दाखवा.

मशीनवाला:
मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. बाबांना दोन्ही हात डोक्यावर घेऊन अर्धा तास तरी पडून राहावं लागेल. आजपासूनच सतरंजीवर सवय करा, आधी खांदेच भरून येतात. खोकला आला तर आवाज द्यायचा. आम्ही बाहेरून पाहत, ऐकत असतो, मशीन लगेच थांबवतो.

महालकर:
ताई, 10 ग्रेचं गणित बाबांना वहीत मांडून दाखवलं. ते वीज मंडळातून रिटायर झालेले. "म्हणजे जास्त दाबाची लाइन, थोडा वेळ," म्हणाले आणि चार दिवसांनी पोटभर जेवले. गुरुवारी सिम्युलेशन, म्हणजे ती तयारी आहे, श्वासनलिकेचं तेव्हाच विचारतो. सतरंजी आत्ताच घातली.