मदत हवी आहे: खिम्याचा सामोसा मूळचा कुठला, आणि तेलात टोक का सुटतं?

नमस्कार मंडळी. मडगाव-म्हापशात मिळतो तसा पातळ पट्टीचा, खिम्याचा तिकोनी सामोसा करायचा आहे, साधारण ४० नग. तेलात सोडला की टोक सुटतं, आत तेल शिरतं. चूक पट्टीत की सारणात? शिवाय पोर्तुगीजमध्ये याला ‘शामुसा’ म्हणतात, तर पोर्तुगिजांनीच हा गोव्यात आणला का?

प्रतिसाद १:
नाही, प्रवास उलटा आहे. शब्द फारसीतला, ‘संबोसा’च्या घराण्यातला, ११व्या शतकात इराणी इतिहासकार बैहकीच्या लेखनात तो सापडतो. १४व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारी जेवणातला समोसा वर्णिलाय: पातळ पापुद्र्यात खिमा, बदाम, पिस्ते, कांदा, मसाला. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी. ‘शामुसा’ इथून गोंयकारांबरोबर मोझांबिक आणि लिस्बनला पोचला.
पोर्तुगिजांमुळे आली ती सारणातली भर. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळ अमेरिकेतले, ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजमधून आलेला. म्हणून खिम्याचा सामोसा जुना, बटाट्याचा नंतरचा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

प्रतिसाद २:
टोकाचं सांगतो. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. दोन पुऱ्यांमध्ये तेल लावून मैदा भुरभुरा, एकत्र पातळ लाटा. तव्यावर प्रत्येक बाजू जेमतेम १५-२० सेकंद, डाग पडू देऊ नका. गरम असतानाच सोडवा, अडीच इंची पट्ट्या कापा आणि लगेच ओल्या फडक्याखाली ठेवा. उघडी राहिलेली पट्टी वाळते, घडीवर चिरते.
खिमा पूर्ण कोरडा परता नि गार करा. कोमट सारणाची वाफ पट्टी आतून मऊ करते. पहिली घडी घालताना खालचं टोक उजेडाकडे धरा. सुईच्या अग्राएवढं भोक दिसलं तर घडी पुन्हा घाला, तेल शिरतं ते तिथूनच. शेवटची कड मैदा-पाण्याच्या घट्ट खळीने चिकटवून दहा मिनिटं दाबून ठेवा.

धागाकर्ता:
आभार! आच किती ठेवायची?

प्रतिसाद २:
मध्यम. पट्टीचा तुकडा टाकला की बुडबुडे येत सावकाश वर यायला हवा. लगेच काळपटला तर तेल जास्त तापलंय. एका वेळी पाच-सहाच सोडा. गर्दी केली की तेल निवतं आणि सामोसा तेल पितो.