लग्नाचा फोटोग्राफर: इन्स्टाग्रामवरचा की विधी पाठ असलेला?

कसबेकर:
घरात यावरून दोन तट पडलेत म्हणून विचारतो. भाचीचं लग्न मार्गशीर्षात, पुण्यात, कार्यालय ठरलंय. तिला मुंबईची एक 'कँडिड' (पोझ न देता सहज क्षण टिपणारी) टीम हवी आहे, मेहुण्यांना त्यांच्या ओळखीचा, वर्षानुवर्षं कार्यालयांत काम करणारा फोटोग्राफर. मी मेहुण्यांच्या बाजूचा. आपल्या लग्नात सगळं एका क्रमानं आणि भराभर होतं. 'तदेव लग्नं' सुरू झालं की ज्याला कळतं तो कॅमेरा लावून तयार असतो. ज्याला कळत नाही तो अंतरपाट दूर झाल्यावर धावत येतो, आणि तोवर अक्षता पडून निम्मी मंडळी मोबाईल घेऊन स्टेजपुढे उभी. लाजाहोमाला भाऊ कुठे उभा राहतो, कान कधी पिळतो, हे ज्याला सांगावं लागतं त्याची 'नजर' कितीही भारी असली तरी मला काय उपयोग?

शटरपटर:
साफ असहमत. क्रम शिकता येतो. आदल्या दिवशी गुरुजींकडून लिहून घ्या, टीमला पाठवा, झालं काम. नजर अशी एका दिवसात येत नाही. विधी पाठ असलेल्यांचे अल्बम आम्ही पाहिलेत की! फ्लॅशनं चुना फासल्यासारखे चेहरे, नवरीच्या तळहातावर अंगठ्याएवढा नवरा उभा, आणि मागे स्वित्झर्लंड. लग्न भाचीचं आहे ना? अल्बम मेहुणे उघडणार की ती?

कसबेकर:
अल्बम दोघंही उघडणार. पैसे मात्र मेहुणेच देणार. (हा मुद्दा चावट आहे, पण मुद्दा आहे.)

विहीणबाई:
मुलाच्या लग्नात कँडिडवाले होते. फोटो सुंदर, खोटं बोलणार नाही. सुनेचे डोळे पाणावलेले, ह्यांचं खळखळून हसणं, सगळं टिपलंय. पण माझ्या मोठ्या जाऊबाई गुडघे धरत कोल्हापूरहून आल्या, त्यांचा एक सरळ फोटो नाही. एका ठिकाणी कोपर दिसतंय ते त्यांचं असावं. उलट मेंदीचे, चपलांचे, हँगरला टांगलेल्या शालूचे ढीगभर. चपलांशी आमचं काय नातं? विचारलं तर म्हणाले, 'ग्रुप फोटो आमच्या स्टाईलमध्ये बसत नाहीत.' लग्न म्हणजे दोन घरांची माणसं एकत्र येणं. ती माणसं दिसत नसतील तर स्टाईल काय चाटायची?

शटरपटर:
विहीणबाई, हे तुमच्या टीमचं दुखणं झालं, कँडिडचं नव्हे. माणसांची यादी आधी दिली होती का?

विहीणबाई:
नाही. तशी द्यायची असते हे त्यांनीही सांगितलं नाही.

आयएसओ_३२००:
मी याच धंद्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना टोचेल असं लिहितो. इन्स्टाग्रामवर दिसतो तो वीस लग्नांतला एकेक फोटो, तोही बहुधा संध्याकाळच्या मोकळ्या उन्हातला. तुमचं लग्न दुपारी, बंद सभागृहात, वर पिवळे दिवे आणि मागे एलईडीची भिंत. त्या भिंतीचे पट्टे फोटोत येतात, हळदीनं पिवळं झालेलं अंग आणखी पिवळं दिसतं. म्हणून निवडक फोटो बघूच नका. अशाच कार्यालयातलं एक अख्खं लग्न दाखवा म्हणा, सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत, काहीही न गाळता. जो टाळाटाळ करेल त्याला नमस्कार.

दुसरं, प्रत्यक्ष येणार कोण? दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच नावावर तीन-तीन लग्नं घेतली जातात. बोलणी मालक करतो आणि कॅमेरा घेऊन भलताच मुलगा येतो. येणाऱ्याचं नाव करारात घ्या. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का विचारा, कारण कार्ड बिघडलं तर सप्तपदी परत घालता येत नाही. आणि मेहुण्यांच्या ओळखीच्यालाही हेच प्रश्न विचारा. ओळखीच्याला कुणी काही विचारत नाही, तिथेच घोळ होतो.

दर्भमुद्रिका:
'परत घालता येत नाही' म्हणता? मी पौरोहित्य करतो. मंगळसूत्र परत बांधायला लावणारे आहेत! 'गुरुजी, एक मिनिट, अँगल नाही मिळाला.' इथे नवीन-जुने असा भेद मुळीच नाही. जुना फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणून होम थांबवतो, नवा गुपचूप माझ्या पाठीशी येऊन धोतरावर पाय देतो. आधी येऊन पाच मिनिटं बोलतो त्याच्याशी माझं कधी वाजलं नाही. विधी पाठ नसले तरी चालतील, पण विचारायची लाज नसावी.

कमीखर्ची:
एवढ्या पैशात भावाचा मोबाईल आणि एक चांगला प्रिंटर येतो. अल्बम शेवटी माळ्यावरच जातो, १२ बाय ३६ इंचांची ती शीटं बघायला दोन माणसं धरावी लागतात.

विहीणबाई:
भाऊ मोबाईल धरणार की लाह्या देणार?

कलम_सतरा:
पैशाचा विषय निघालाच आहे तर एक राहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो, मात्र करारात वेगळं ठरलं नसेल तरच. बहुतेकांच्या छापील करारात वेगळंच ठरलेलं असतं. भाचीचे फोटो जाहिरातीत नको असतील तर सही करण्याआधी ते वाक्य खोडून घ्या. ड्रोन हवाच असेल तर तो कार्यालयाच्या जागी उडवता येतो का हेही बघा. पुण्याच्या लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे आसपास निर्बंध आहेत.

आयएसओ_३२००:
मान्य. फक्त जाहिरातीला बंदी घातलीत तर काहीजण दर वाढवतात. मीही थोडा वाढवतो, खोटं कशाला?

कसबेकर:
गुरुजींचं पटलं. क्रम पाठ असण्यापेक्षा विचारण्याची तयारी मोठी, हे मी धरलं नव्हतं. तरी 'नजर' या एका शब्दावर कुणाला दुप्पट पैसे द्यायला मी अजून तयार नाही. दोघांकडूनही कार्यालयातलं एक अख्खं लग्न मागवतो. भाची आणि मेहुणे एका सोफ्यावर बसून बघतील, कुणाचं कुठलं ते आधी सांगणार नाही.

शटरपटर:
स्वित्झर्लंड आलं की कळेलच.