जुन्या मॅसीच्या मागच्या चाकांना वजन टाकायचंय, लोखंडी वेट की पाणी?

जुनी_मॅसी_कोरेगाव
नमस्कार मंडळी. आमच्याकडं बाबांनी ८७ साली घेतलेली मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे, अजून रोज कामाला आहे, इंजिनचं काम दोनदा झालंय पण मूळ सिम्प्सन कंपनीचंच. अडचण अशी की यंदा उसाचा खोडवा मोडून नांगरट करायला घेतली आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली, पाचट पण बरंच होतं रानात, पलटी नांगर जरा खोल गेला की टायर नुसते माती उडवत्यात आणि ट्रॅक्टर पुढं सरकत नाही. टायर १२.४-२८ आहेत, दोन सीझन झालेत, लग (टायरच्या नक्षीचे उभे दात) चांगले उभे आहेत म्हणजे गुळगुळीत झालेत असं पण नाही. गावातला एकजण म्हणतो रिमच्या आत काँक्रीट ओतून घे, दुसरा म्हणतो ट्यूबमधे पाणी भर, चुलते म्हणतात कोल्हापूरच्या फाउंड्रीतून बिडाचे वेट ओतून आण आणि एकदाच विषय संपव. डिस्कला वेटची भोकं आहेत पण आमच्याकडं वेट कधी नव्हतेच. किती वजन टाकलं तर चालतं? आणि जुन्या गाडीच्या एक्सलला झेपंल का? अनुभव असेल तर सांगा, यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय.

ग्रीसगन
काँक्रीटचं डोक्यातून काढून टाक आधी. एकतर बिडाच्या मानानं काँक्रीट तिसरा हिस्सा पण भरत नाही वजनाला, म्हणजे रिम गच्च भरली तरी हाताशी फार काही लागत नाही, वर तडे जातात, आत पाणी मुरतं, रिम गंजते आणि पंक्चर काढताना टायरवाला तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. एकदा ओतलं की काढता येत नाही हे सगळ्यात वाईट. वजन कायम असं पाहिजे की काम संपलं की उतरवता आलं पाहिजे.

बाकी वजनाच्या आधी एक सांग, मागच्या टायरला हवा किती आहे?

जुनी_मॅसी_कोरेगाव
हवा मोजलेली नाही, पंपावर पोरगं मारतं. २८-३० पौंड असंल. ट्रॉली पण ओढतो ना ऊसाची म्हणून टाईटच ठेवतो.

ग्रीसगन
मग तिथंच अर्धा आजार आहे. ३० पौंडाला टायर दगडासारखा होतो, मधली पट्टीच तेवढी जमिनीला टेकते. शेतात नांगराला १२-१४ पौंड बास आहे, मग टायर बसतो, जास्त लग मातीत रुततात. ट्रॉलीला जाताना परत वाढव. कंटाळा येतो खरा पण हवा फुकट आहे, बिड किलोवर मिळतं. आणि टायर उलटे तर बसवले नाहीत ना बघ, बाजूला बाण असतो तो पुढं फिरायच्या दिशेनं पाहिजे. हसू नका, मी स्वतः दोन ट्रॅक्टर असे बघितलेत, वर्षभर उलट्या टायरवर चालवले आणि दोष सगळा कंपनीला.

निवृत्त_मिस्त्री_बारामती
पोरा, मॅसीचं काम मी तीस-पस्तीस वर्षं केलंय म्हणून सांगतो. वेट टाकायच्या आधी तुझी हायड्रॉलिक, म्हणजे मागचं अवजार उचलणारी यंत्रणा, बघ. सीटशेजारी दोन लिव्हर आहेत ना, त्यातला एक पोझिशनचा, अवजार ठराविक उंचीवर धरणारा, आणि एक ड्राफ्टचा, ओढीच्या लोडप्रमाणं अवजार वरखाली करणारा. आपल्याकडची निम्मी माणसं ड्राफ्टच्या लिव्हरला जन्मात हात लावत नाहीत, सगळं काम पोझिशनवर. रोटाव्हेटरला, पेरणीयंत्राला पोझिशन बरोबर आहे, पण नांगराला ड्राफ्टच पाहिजे.

त्याचं कारण समजून घे. मॅसी फर्ग्युसनमधला जो फर्ग्युसन आहे, हॅरी फर्ग्युसन, त्या माणसानं हाच विचार करून ट्रॅक्टर बनवला होता. त्याचा टीई-२० म्हणून ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कोव्हेन्ट्रीला निघायचा, वजन अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे तुझ्या गाडीपेक्षा कितीतरी हलका, तरी दोन फाळाचा नांगर ओढायचा. कसा? नांगर मातीत ओढला जातो तेव्हा तो वरून पुढं कलायला बघतो आणि टॉपलिंक, म्हणजे नांगर गाडीला जोडणारा वरचा दांडा, पुढं ढकलतो. टॉपलिंक जिथं गाडीला बसते तिथं आत जाड स्प्रिंग आहे, ती दाबली की हायड्रॉलिकला कळतं लोड वाढला, ती नांगर जरासा उचलायला बघते. उचलायला बघते म्हणजे काय, तर नांगराचं वजन आणि त्याला खाली ओढणारी माती, हे सगळं ओझं मागच्या चाकांवर येतं. जेवढा लोड जास्त तेवढं चाकावर वजन जास्त, आणि नांगर बाहेर काढला की वजन गायब. वेट विकत घ्यायची गरज नाही, माती फुकटात देते.

आता तू काय कर. टॉपलिंक काढ आणि ती स्प्रिंग हातानं पुढं-मागं हलवून बघ. खडखड वाजली, प्ले असला, तर ड्राफ्ट काम करत नाही समज. जुन्या गाड्यांना हमखास असतो. तो प्ले काढून घे. आणि नांगराला खोलीचं चाक लावलं असेल तर ते सगळा भार जमिनीवर घेतं, मग चाकांवर काय येणार?

खोडवा_पाचट
मिस्त्रीकाका बरोबर आहेत पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही, नांगर कुठला आहे? हायड्रॉलिक पलटी डबल फाळ असेल तर तो ४५-५० एचपीवाल्यांसाठी असतो, ३५ ला जड जातो. वजन टाकून चाक फिरायचं थांबेल पण मग इंजिन दमेल, क्लच जाईल.

धान_बांधी_गोंदिया
आमच्या इकडे उलटं आहे भाऊ. आमची धानाची बांधी, चिखलणी करायची असते, तिथं वजन टाकलं की ट्रॅक्टर पोटावर बसतो. मागच्या वर्षी एकानं नांगरटीला पाणी भरलं आणि रोवणीच्या वेळी काढायचं विसरला, दोन ट्रॅक्टर लावून ओढून काढला. चिखलात केज व्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावा आणि वजन जितकं कमी तितकं बरं. ओल्यात वजन कामाचं नाही, माती सरकते तिथं वजन असो का नसो चाक सरकणारच.

ग्रीसगन
+१. आमच्या काळ्या रानात पण तेच. वाफसा आला नसताना घातलं की वजन टाका नाहीतर डोंगर टाका, लगांच्या मधे चिखल भरून टायर बाटलीसारखा गुळगुळीत होतो. वर खालची माती दाबून विटेसारखी, पुढच्या पिकाची मुळं तिथंच अडतात.

लिंकनवाला_पाटील
मी सध्या नेब्रास्कात असतो, मूळ कराडचा. इथं लिंकनला ट्रॅक्टर टेस्टिंग होतं, १९१९ च्या कायद्यानं सुरू झालेलं, पहिली टेस्ट १९२० ला. त्यांच्या रिपोर्टात कुठल्या ट्रॅक्टरला किती बॅलास्ट (जादा वजन) टाकून ओढला ते लिहिलेलं असतं, जुन्या ट्रॅक्टरचे रिपोर्ट वाचायला मजा येते. इथले म्हातारे शेतकरी आधी स्लिप, म्हणजे चाक किती घसरतं ते, मोजतात, मग वजनाचं बोलतात. तुम्ही पण मोजा, सोपं आहे.

मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा. नांगर वर उचलून रानात चालवा, चाकाचे बरोबर १० फेरे होऊ द्या, अंतर मोजा. मग त्याच रानात, त्याच गिअरला नांगर खाली टाकून परत १० फेरे, अंतर मोजा. जितकं कमी पडलं त्याला पहिल्या अंतरानं भागा. १० ते १५ टक्के स्लिप आली तर गाडी बरोबर आहे, हात लावू नका. २० च्या वर असेल तर वजनाचा विचार करा. आणि ५ टक्के किंवा कमी असेल तर वजन जास्त झालंय, डिझेल फुकट जातंय.

वजन किती, तर टू-व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टरला नांगरटीसारख्या हळू कामाला पीटीओच्या (मागच्या फिरत्या शाफ्टवर मिळणाऱ्या) एचपीमागे ६०-६५ किलो एकूण वजन धरतात. तुमची पीटीओला ३० च्या आसपास देत असेल, म्हणजे अठराशे ते साडेएकोणीसशे किलो. गाडीच १७०० च्या आसपास आहे, मग वरून टाकायचं फार तर २५० किलो. एवढंच.

इथं पाणी हिवाळ्यात गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड टाकायचे, त्यानं ट्यूब लीक झाली की रिम सडते. आता बीटची साखर काढून उरलेला रस भरतात, तो पाण्यापेक्षा जड पण असतो आणि गंजवत नाही. तुम्हाला यातलं काही करायची गरज नाही, साधं पाणी चालतं.

खोडवा_पाचट
बीटचा रस 😂 मग आपण कारखान्याची मळी भरायची का, पंक्चर झाला की गावातल्या मुंग्यांची दिवाळी

निवृत्त_मिस्त्री_बारामती
पाणीच भर, पाटील म्हणतात ते बरोबर. चाक जॅकवर उचल, वॉल्व्ह फिरवून एकदम वर आण, वॉल्व्हची पिन काढ, पाणी सोड. वॉल्व्हपर्यंत पाणी आलं की थांब, तेवढं म्हणजे पाऊण टायर भरला. वरची पाव जागा हवेची, ती पाहिजेच नाहीतर टायर दगड होतो आणि धक्का थेट एक्सलला. तुझ्या साईजला एका टायरमधे साधारण सव्वाशे-दीडशे लिटर बसतं, म्हणजे दोन्ही मिळून अडीचशे-तीनशे किलो, पाटलांचा आकडा तिथंच पुरा झाला. हवेचं मीटर लावताना पण वॉल्व्ह वरच ठेव, नाहीतर मीटरमधे पाणी जातं.

बिडाचे वेट चांगलेच आहेत, पण ते तीस-चाळीस किलोचे तुकडे एकट्यानं उचलून बसवायचे आणि परत उतरवायचे, म्हणून लोक एकदा बसवले की उतरवतच नाहीत. मग बारा महिने ते ओझं क्लचला, क्राऊन गिअरला, एक्सलच्या बेअरिंगला. जुन्या गाडीत चाक घसरतं ते फ्युज समज. फ्युजच्या जागी सळई घातली की जळणार ते वायरिंग.

आणि मागं वजन वाढलं की पुढचं हलकं होतं हे विसरू नको. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच. माझ्यासमोर एकानं अडकलेली ट्रॉली काढायला साखळी टॉपलिंकच्या जागी बांधली, क्लच सोडला आणि पुढची चाकं आभाळात. नशीब त्याला लगेच क्लच दाबायचं सुचलं.

जुनी_मॅसी_कोरेगाव
मंडळी, चार दिवसांनी परत आलो. नांगर पलटी डबल फाळ, पण हायड्रॉलिक नाही, हातानं पलटायचा जुनाच आहे. हवा मोजली तर ३२ पौंड निघाली 🙈 पहिल्यांदा तशीच ठेवून मोजलं, मोकळी ३८ मीटर, नांगर घालून २९. म्हणजे २४ टक्के. मग हवा १४ वर आणली, स्प्रिंगला काकांनी सांगितल्यासारखा चांगला प्ले होता, तो गावातल्या मिस्त्रीकडून काढून घेतला, खोलीचं चाक वर घेतलं आणि बाबांना न विचारता पहिल्यांदा ड्राफ्टच्या लिव्हरवर नांगर चालवला. आता ३३ मीटर येतंय, १३ टक्के. बाबा बांधावर बसून बघत होते, म्हणाले सदतीस वर्षं तो लिव्हर मी शोभेचा समजत होतो.

पाणी या सीझनला भरत नाही. पण तळ्याकडंची दोन एकर कडक आहे, तिथं पुढच्या उन्हाळ्यात बघू. एकच शंका, आत्ता आहे त्या ट्यूबमधे पाणी भरता येतं का वॉल्व्ह वेगळा लागतो?

ग्रीसगन
ट्रॅक्टरच्या मागच्या ट्यूबला बहुतेक हवा-पाणीवालाच वॉल्व्ह असतो, जाड बुडाचा, आतली नळी आट्यातून निघते. तसा असेल तर चालेल. सायकलसारखा बारीक असेल तर ट्यूब बदलताना दुकानात पाणी भरायचा वॉल्व्ह म्हणून माग.

निवृत्त_मिस्त्री_बारामती
आणि काढताना वॉल्व्ह खाली आण, वर नव्हे. हे विचारायला दरवर्षी एकतरी फोन येतो.