हास्केल: कंपायलरला टाइप कळतो, तरी लिहावा
एक प्रश्न आलाय, "हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) टाइप, म्हणजे माहिती संख्या आहे की मजकूर तो प्रकार, स्वतःच ओळखतो, मग सिग्नेचर (फंक्शनचा टाइप सांगणारी ओळ) लिहायचं कशाला?" ओळखतो हे खरं, पण तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही.

समजा, वस्तूची किंमत शोधणाऱ्या फंक्शनमध्ये 'लुकअप' (यादीत शोधणारं तयार फंक्शन) वापरलं आणि वस्तू सापडली नाही तर शून्य द्यायचं राहून गेलं. सिग्नेचर नसेल तर कंपायलर 'मेबी डबल' (दशांश संख्या असेल किंवा काहीच नसेल) असा टाइप ठरवून निमूट पुढे जातो. एरर येते ती ही किंमत जिथे जिथे बेरजेत घेतली आहे तिथे! चूक एकीकडे, शोधाशोध भलतीकडे. फंक्शनच्या वर 'स्ट्रिंग → डबल' (मजकूर घेऊन संख्या देणारं) असं सिग्नेचर लिहिलं असतं, तर त्याच फंक्शनवर बोट ठेवलं गेलं असतं.

काही ठिकाणी तर टाइप सांगावाच लागतो. 'शो (रीड एस)', म्हणजे 'एस' हा मजकूर वाचून त्याचा पुन्हा मजकूर करा, असं लिहिलं की मधला टाइप कोणता, हे कंपायलरला ठरवता येत नाही. पॉलिमॉर्फिक रिकर्शनलाही (फंक्शन स्वतःलाच वेगळ्या टाइपने बोलावतं तेव्हा) सिग्नेचर लागतंच.

'वेअर'खालच्या (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या) दोन ओळींच्या मदतनीस फंक्शनला मात्र मी लिहीत नाही, उगाच गर्दी होते. टॉप लेव्हलला (कुठल्याही फंक्शनच्या आत नसलेल्या व्याख्यांना) कुठे राहिलं, हे जीएचसी हा हास्केलचा कंपायलर, 'वॉल' हा इशारे चालू करणारा फ्लॅग लावल्यावर सांगतोच, आणि सोबत त्याने ओळखलेला टाइपही देतो. तो वाचून, पटला तरच चिकटवा.